हानियात आठ दिवस: घर एकच, किनारा मात्र रोज वाऱ्याला विचारून

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही दोघं, 9 वर्षांची मुलगी आणि 70 वर्षांच्या सासूबाई. 8 दिवसांत सँटोरिनी, मिकोनोस आणि क्रीट असं बसवून द्याल का? पोहण्यासारखा समुद्र हवा आणि जुनं, इतिहास असलेलं गावही हवं. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, आणि गुडघे दुखतात. मेच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?"

बसवून देता येईल, पण देणार नाही. 14 वर्षं मी ग्रीसला छोटे गट घेऊन जातोय, आणि "8 दिवसांत 3 बेटं" करून आलेल्या माणसांना परतल्यावर बोटींचे धक्के आणि बॅगांची चाकंच जास्त आठवतात. एक बेट बदलायचं म्हणजे सामान बांधा, टॅक्सी, धक्क्यावर तासभर उन्हात उभं राहणं, बोट, पुन्हा टॅक्सी, आणि खोली तयार नाही म्हणून लॉबीत बसून राहणं. एक अख्खा दिवस गेला. तुम्हाला असे दोन दिवस घालवायचेत, तेही सासूबाईंच्या गुडघ्यांवर. सँटोरिनीची ती पांढरी घरं कड्यावर टांगलेली आहेत. घरातून बाहेर पडायचं तर पायऱ्या, परत यायचं तर त्याच पायऱ्या. किनारे कड्याच्या पलीकडच्या अंगाला, काळ्या वाळूचे. मिकोनोस महाग, आणि वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध.

माझं उत्तर: क्रीटच्या वायव्य किनाऱ्यावरचं हानिया. 7 रात्री, एकच घर. (नावाचं इंग्रजी स्पेलिंग बघून आपण "चानिया" म्हणतो. तिथली माणसं अर्धा ह आणि अर्धा ख मिसळून "हन्या" म्हणतात. टॅक्सीवाल्याला दोन्ही कळतं.)

हे गाव म्हणजे एकाच जागी एकावर एक रचलेली गावं आहेत. बंदरामागच्या कास्तेली टेकडीवर साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मिनोअन, म्हणजे क्रीटच्या प्राचीन संस्कृतीतली, वस्ती होती. तिचं नाव किदोनिया. बिहीच्या झाडाचं शास्त्रीय नाव सिडोनिया, ते याच गावावरून आलेलं. तेराव्या शतकात व्हेनिसवाले आले, त्यांनी बंदर आणि तटबंदी बांधली. 1645 मध्ये दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर गाव तुर्कांकडे गेलं. 1898 ते 1913 क्रीट स्वायत्त होतं आणि ही त्याची राजधानी होती. 1 डिसेंबर 1913 ला बंदराच्या तोंडावरच्या फिर्कास किल्ल्यावर ग्रीसचा झेंडा चढला. 1941 च्या मे महिन्यात जर्मन छत्रीधारी सैनिक पश्चिमेला मालेमेच्या धावपट्टीवर उतरले आणि बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा मोठा तुकडा उद्ध्वस्त झाला. छप्पर उडालेल्या त्या घरांपैकी काहींत आज खाणावळी आहेत. चार भिंती शाबूत, वर आभाळ, भिंतीतल्या कोनाड्यात मेणबत्ती. मुलीला असल्या जागा फार आवडतील.

सासूबाईंना मात्र पहिल्याच संध्याकाळी स्प्लांत्झिया चौकात घेऊन जा. तिथे आयोस निकोलाओस नावाचं चर्च आहे. त्याच्या एका बाजूला घंटेचा मनोरा आणि दुसऱ्या बाजूला मशिदीचा मिनार, दोन सज्ज्यांचा. आधी कॅथलिक मठ, मग तुर्कांच्या काळात सुलतान इब्राहिमच्या नावाची मशीद, आणि विसाव्या शतकात ऑर्थोडॉक्स चर्च. पाडापाडी न करता पुढच्याने आपली भर घातली. समोर झाडाखाली खुर्च्या मांडलेल्या असतात. मी दर वेळी गटातल्या मोठ्या माणसांना तिथे बसवतो, कॉफी मागवतो आणि काही सांगत नाही. पाच मिनिटांनी कोणीतरी म्हणतंच, "अहो, पण हा मिनार कसा काय इथे?" मग सांगायला मजा येते. बंदरावरच्या दीपस्तंभाचंही तसंच. पाया व्हेनिसचा, पण 1830 च्या दशकात क्रीट इजिप्तच्या ताब्यात असताना तो नव्याने बांधला गेला, म्हणून तो मिनारासारखा दिसतो. बंदराच्या पूर्व टोकाला व्हेनिसच्या गलबतांच्या दुरुस्तीच्या कमानदार वखारी आहेत. एकेकाळी 17 होत्या, आता थोड्या उरल्यात.

एक जागा हसतखेळत बघायची नाही. पश्चिमेकडच्या एव्राइकी या जुन्या ज्यू मोहल्ल्यात एत्झ हायिम हे लहानसं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. मे 1944 मध्ये जर्मनांनी इथल्या सगळ्या ज्यूंना पकडून जहाजात घातलं. ते जहाज 9 जूनला ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं. पाणबुडीला आत कोण आहे हे माहीत नव्हतं. समाज संपला, इमारत ओस पडली, 1999 मध्ये ती पुन्हा उघडली. अंगणात अर्धा तास बसा. 9 वर्षांच्या मुलीला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

आता समुद्र. इथे मला जरा लांबण लावायची आहे, कारण आपली माणसं चुकतात ती इथेच.

आपण कोकणात वाढलेलो. समुद्रावर जायचं म्हणजे भरती-ओहोटी विचारून, अमावास्या-पौर्णिमा बघून जायचं, हे आपल्या रक्तात आहे. भूमध्य समुद्रात तो हिशोब जवळजवळ नाहीच. पाणी सकाळी जिथे, संध्याकाळीही तिथेच, फरक वीतभर. म्हणून तिथे चिखलाची पट्टी नाही. पाणीही काचेसारखं दिसतं. ते बघून माणूस निर्धास्त होतो. पण तिथला हिशोब वाऱ्याचा आहे. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा सुटतो. आकाश निळंभोर, ढगाचा ठिपका नाही, आणि समुद्र खवळलेला. आपल्याकडे खवळलेला समुद्र म्हणजे काळं आभाळ, तुफान पाऊस. तिथे तसं काही दिसत नाही, आणि म्हणून आपली माणसं लाल झेंडा असतानाही "ऊन तर छान पडलंय" म्हणत पाण्यात उतरतात. लाटा किनाऱ्यावर फुटून परत जाताना ओढून नेतात. ती ओढ कोकणातल्यासारखीच असते, पाणी निळं आहे म्हणून सौम्य नसते.

हानिया उत्तरेकडे तोंड करून आहे. गावापासून पश्चिमेला आया मारिना, प्लातान्यास अशी वाळूची लांबच लांब पट्टी पसरली आहे. शहर बस जाते, हॉटेलांची रांग आहे. वारा नसेल तेव्हा सुरेख. उत्तरेचा वारा सुटला की सगळ्या लाटा तिथेच येतात. उलट गावाच्या पूर्वेला आक्रोतिरी हे द्वीपकल्प आहे, आणि त्याच्या दक्षिण अंगाला लपलेल्या खाड्यांना वारा लागत नाही. दक्षिण किनाऱ्यावर पालेओहोरा गाव तर जिभेसारखं समुद्रात घुसलंय: पश्चिमेला वाळूचा किनारा, पूर्वेला गोट्यांचा. एका बाजूला वारा असला की लोक छत्र्या उचलून दुसऱ्या बाजूला जातात.

म्हणून माझा नियम: किनाऱ्यांचं वेळापत्रक घरून करून न्यायचं नाही. सकाळी चहा घेताना फोनवर वाऱ्याचा अंदाज बघायचा आणि मग ठरवायचं. ग्रीक माणूस वारा "बोफोर" मध्ये मोजतो. धक्क्यावर, बसमध्ये, खाणावळीत हा शब्द ऐकू येईल. दचकू नका, तोफांचा संबंध नाही, ब्युफर्ट मोजपट्टीचं ते ग्रीक रूप आहे. 3 बोफोरपर्यंत कुठेही जा. 4 ला लाटा सुरू होतात, मुलीला आडोशाच्या खाडीत न्या. 5-6 असेल तर त्या दिवशी जुनं गाव बघा, हालेपा भागातलं पुराणवस्तुसंग्रहालय बघा. 2022 पासून ते नव्या इमारतीत आहे, सासूबाईंना फिरायला सोपं.

रोजच्या डुबकीसाठी दोन जागा. जुन्या गावाच्या पश्चिम तटापासून 10-15 मिनिटं चाललं की नेआ होरा. शहरातलाच किनारा, पण वाळू स्वच्छ, पाणी उथळ, मागे मासे मिळणाऱ्या खाणावळींची रांग. संध्याकाळी तिथले आजी-आजोबा टोप्या घालून गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून तासभर गप्पा मारतात. सासूबाईंनी हे एकदा बघितलं की त्या गुडघाभर पाण्यात तरी उतरतीलच, हा माझा अनुभव. पुढे 4-5 किलोमीटरवर आयी अपोस्तोली: लहान लहान अर्धवर्तुळाकार खाड्या, मुलांसाठी उत्तम. आपल्या बायकांनी लेगिंग आणि लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घातला तर कोणी वळून बघत नाही, आणि तुम्हालाही काही जणींकडे वळून न बघायची सवय लागेल. खुर्च्या-छत्रीच्या जोडीला साधारण 10 ते 20 युरो, पुढच्या रांगेत जास्त. किनारे सार्वजनिक आहेत, स्वतःची चटई टाकायला मोकळी वाळू बहुतेक ठिकाणी मिळते.

लांबचे किनारे म्हणजे ज्यांचे फोटो तुम्ही बघितलेत ते. एलाफोनिसी 75 किलोमीटर, घाटातून दीड ते दोन तास, वाटेत तोपोल्याच्या घळीत एकपदरी बोगदा आणि त्याला सिग्नल. शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे वाळूला गुलाबी झाक आहे, पाणी पोटरीपर्यंत. नक्की जा, पण सकाळी लवकर निघा, अकरानंतर जत्रा असते. आणि ती वाळू बाटलीत भरून आणू नका, संरक्षित जागा आहे, मनाई आहे. बालोस मात्र तुमच्यासाठी नाही. रस्त्याने गेलात तर गाडी सोडून खडकाळ पायवाट आणि पायऱ्या, तीही परतताना चढाची. किसामोसहून बोटीने गेलात तर वाऱ्याच्या दिवशी पोट हातात धरून. माझ्या एका गटाने जुलैत ती बोट केली होती. परतीच्या प्रवासात एकटा कॅप्टन सोडून सगळे आडवे होते, मीही. त्याऐवजी फालासार्ना घ्या. रुंद, मोकळा, सूर्यास्ताचा किनारा, गाडी जवळपर्यंत जाते. त्याच्या उत्तर टोकाला एक प्राचीन बंदर आहे, आणि ते बंदर कोरड्या जमिनीवर आहे. इसवी सन 365 च्या भूकंपात क्रीटचा पश्चिम भाग काही ठिकाणी 9 मीटरपर्यंत वर उचलला गेला, समुद्र खाली राहिला, बंदर वर आलं. मुलीला तिथे उभं करून विचारा, बोटी कुठे बांधत असतील?

समारिया घळ 16 किलोमीटरची, सगळी उतरणीची. गुडघ्यांची पक्की दुश्मन. या खेपेला विसरा.

राहायची जागा. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. पहिल्या वर्षी तोपानास भागातल्या एका देखण्या व्हेनिशियन वाड्यात खोल्या घेतल्या. फोटो बघून गट खूश. पोचल्यावर कळलं की टॅक्सी 300 मीटर अलीकडे थांबते, पुढे दगडी गल्ली, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर, शिडीसारख्या लाकडी जिन्याने. 72 वर्षांचे एक काका रोज दोनदा तो जिना चढले आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून बुकिंगच्या आधी मी तीनच प्रश्न विचारतो: टॅक्सी दारापासून किती पावलांवर थांबते, दारापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती, खिडकी कुठल्या बाजूला उघडते. तिसरा अशासाठी की बंदरावरच्या खोलीखाली रात्री दोनपर्यंत संगीत असतं. जुन्या वाड्यांना लिफ्ट नसते, ही त्यांची चूक नाही, विचारायची जबाबदारी आपली. तुम्ही नेआ होरामध्ये लिफ्ट असलेलं, ओटा असलेलं अपार्टमेंट घ्या. सकाळी समुद्र, संध्याकाळी सपाट रस्त्याने जुनं गाव. भाड्याखेरीज सरकारी पर्यावरण शुल्क तिथेच भरावं लागतं. उन्हाळी हंगामात 4 तारांकित हॉटेलला खोलीमागे रोज 10 युरो, 3 तारांकितला 5. 7 रात्रींचा आकडा धरून ठेवा.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. तिथल्या संडासात जेट नसतो, घरून प्लास्टिकचा मग न्या. आणि कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. पाइप अरुंद असतात.

जेवणाची तुम्ही उगाच धास्ती घेतलीय. ठेपले, मेतकूट न्या, हवं तर. पण क्रीटचं घरगुती जेवण मुळात भाजी, कडधान्य आणि ऑलिव्ह तेलाचं आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास वर्षात भरपूर, आणि उपासाला मांस, दूध, अंडं वर्ज्य. असल्या पदार्थाला ते "निस्तीसिमो" म्हणतात. आपल्या "उपासाचं" सारखाच शब्द, आणि आपल्यासारखीच त्यात पळवाट: ऑक्टोपस आणि कालवं उपासाला चालतात! तेव्हा नुसत्या त्या शब्दावर विसंबू नका. "होरिस क्रेआस, होरिस प्सारी, होरिस अव्गो" म्हणा: मांस नको, मासा नको, अंडं नको. शिंपल्या-कालवांचं वेगळं विचारा.

काय मागवायचं? "फावा" म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वरून कांदा आणि तेल. "व्लीता" ही उकडलेली पालेभाजी, लिंबू पिळून. सासूबाई पहिल्या घासाला ओळखतील, हा आपला माठच, त्याच कुळातला. "दाकोस" म्हणजे जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज. पाव आधी भिजवायचा असतो, घाई केली तर कवळी जाईल. "बुरेकी" हा हानियाचा स्वतःचा पदार्थ, बटाटा, कोवळी झुकिनी, पुदिना आणि चीज थरांत भाजलेलं. यात किंवा "कालित्सुन्या" या पुरीवजा पदार्थात कधी अंडं असतं, म्हणून विचारा. भरल्या टोमॅटोत कधी खिमा असतो, तेही. गोगलगायी हा इथला आवडता पदार्थ आहे, शेजारच्या टेबलावर दिसल्या तर सासूबाईंची पाठ तिकडे ठेवा. जेवणानंतर न मागता फळं किंवा गोड आणि छोट्या सुरईत राकी, म्हणजे द्राक्षांची कडक दारू येते. ती पाहुणचाराची असते, बिलात नसते. नको असेल तर हात छातीवर ठेवून "एफहारिस्तो" (धन्यवाद) म्हणा. पावाचे पैसे मात्र बिलात असतात, तिथे वाद घालू नका. दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद. पुणेकरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मे की दिवाळी? मेच्या सुरुवातीला समुद्र गार असतो. आपण उबदार पाण्याला सवयलेले, मुलगी पाय बुडवून किंचाळेल. दिवाळीच्या सुमाराला पाणी अजून कोमट, पण पाऊस सुरू होऊ शकतो आणि ऑक्टोबर संपता संपता हंगामी बोटी, बस, खाणावळी आवरत्या घेतात. उत्तम काळ सप्टेंबर, पण शाळा आणि गणपती. त्यामुळे मेचा शेवटचा आठवडा ते 10 जून. पाणी 20-22 अंश, मेल्तेमीचा जोर अजून यायचाय, युरोपातल्या शाळा बहुतेक सुरू असल्याने गर्दी कमी, आणि आपली शाळा उघडायच्या आत परत.

त्यासाठी व्हिसाची तारीख फेब्रुवारीतच बघा. शेंगेन अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. एप्रिलमध्ये जागे झालात तर भेटीची वेळच मिळत नाही. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, सेवा आकार वेगळा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा. अथेन्सहून हानियाला विमानाने पाऊण-एक तास. पण परतीला अथेन्सच्या पिरेयस बंदराला जाणारी रात्रीची बोट घ्या, केबिन करून. बोट हानियाजवळच्या सूदा बंदरातून रात्री निघते आणि पहाटे पोचते. हॉटेलची एक रात्र वाचते, आणि मुलीला आयुष्यभर आठवेल. गाडी आठही दिवस नको, तीन दिवस पुरे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, ऑटोमॅटिक गाडी आधीच राखून ठेवा, कारण तिथे बहुतेक गाड्या गिअरच्या असतात आणि उजवीकडून चालवताना डावा-उजवा हात आधीच गोंधळलेला असतो. हमरस्त्यावर स्थानिक लोक डाव्या बाजूने मागच्याला पुढे जाऊ द्यायला गाडी अर्धी कडेच्या पट्टीवर घेतात. तुमच्या मागे कोणी चिकटला तर हॉर्नची वाट बघू नका.

आणि वारा सुटेल त्या दिवसासाठी एक खाडी राखून ठेवा. आक्रोतिरीच्या दक्षिण अंगाला, हानियापासून 17 किलोमीटरवर, दोन वाळूच्या किनाऱ्यांमध्ये छोटा धक्का, पाणी उथळ आणि शांत, मागे तीन-चार खाणावळी. गावाचं नाव मराठी. खरंच, पाटीवर "मराठी" च लिहिलंय. ग्रीकमध्ये "माराथो" म्हणजे बडीशेप, तिच्यावरून आलेलं नाव, आपल्याशी नातं काही नाही. सासूबाईंना पाटीखाली उभं करून फोटो काढाच. फक्त कॅमेरा पाटीकडे ठेवा, समोरच्या सूदाच्या खाडीकडे नको. तिथे नाटोचा नाविक तळ आहे आणि फोटोला मनाई आहे.